मात्रा, पुडी आणि चिठ्ठी : परभणी जिल्ह्यातील औषधवापराचा इतिहास

औषधांचा इतिहास बहुधा शोधांच्या अंगाने लिहिला जातो. कोणत्या साली कोणते द्रव्य हाती लागले, कोणत्या रोगावर ते लागू पडले आणि त्याने किती जीव वाचले, एवढे सांगून तो थांबतो. परंतु औषध सापडणे वेगळे आणि ते गरजू रोग्याला योग्य मात्रेत, योग्य काळापर्यंत आणि परवडेल अशा किमतीत मिळणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीसाठी जे संशोधन करावे लागते, ज्याला आज औषधांच्या विवेकी वापराचा अभ्यास म्हणतात, त्यालाही स्वतःचा इतिहास आहे, आणि गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला परभणी जिल्हा तो इतिहास तपासण्यासाठी विशेष सोयीचा आहे. यादव, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही आणि त्यानंतर स्वतंत्र भारत अशा राजवटी या भूमीने पाहिल्या. प्रत्येक बदलाबरोबर औषध देणारा माणूस बदलला, औषध लिहिण्याची भाषा बदलली आणि त्यावर देखरेख करणारा कायदाही बदलला. औषध कसे वापरावे याविषयीचे प्रयोग आणि पाहण्या मात्र प्रत्येक काळात दुसरीकडे झाल्या. जिल्ह्यात आले ते त्यांचे निष्कर्ष, आणि तेही पुष्कळदा उशिराने.

जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील मंदिरे ज्या काळाची साक्ष देतात, त्या काळात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने वैद्यकावर महत्त्वाचे लेखन झाले. महादेव आणि रामचंद्र या दोन यादव राजांच्या पदरी असलेला मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. त्याचा समकालीन आणि आश्रित पंडित बोपदेव याने 'शतश्लोकी' या छोट्या ग्रंथात चूर्ण, गुटिका, लेह, घृत, तैल आणि काढा अशा कल्पांचे, म्हणजे औषध तयार करण्याच्या प्रकारांचे, वर्णन केले. त्याचा पिता केशव हा स्वतः वैद्य होता आणि त्याच्या 'सिद्धमंत्र' या ग्रंथात द्रव्यांची वर्गवारी वात, पित्त व कफ यांवरील त्यांच्या परिणामानुसार केलेली आहे. या परंपरेचा भर द्रव्याच्या नावापेक्षा त्याच्या योजनेवर होता हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्रा म्हणजे औषधाचे प्रमाण, काल म्हणजे ते घेण्याची वेळ, अनुपान म्हणजे मध, तूप, कोमट पाणी यांपैकी ज्याच्याबरोबर ते घ्यायचे ते द्रव्य, आणि पथ्य म्हणजे त्या काळात पाळायचे आहारविहाराचे नियम. या चारांवाचून औषध पुरे होत नाही, आणि नीट योजलेले विषही औषध ठरते तर वाईट रीतीने योजलेले औषध विष होते, अशी चरकसंहितेपासूनची धारणा होती. पुढे आधुनिक संशोधनाने जे प्रश्न विचारले त्यांपैकी बरेच येथे स्पष्टपणे मांडलेले आढळतात. उणीव होती ती पडताळ्याची, कारण किती रोग्यांना गुण आला आणि किती जणांना आला नाही याची मोजदाद करून नियम बदलण्याची पद्धत त्या काळात जगात कोठेही रुळलेली नव्हती.

अठराव्या शतकात आसफजाही सत्ता स्थिर झाल्यावर परभणी परिसर हैदराबाद संस्थानाचा भाग बनला आणि वैद्यांच्या शेजारी युनानी हकीमांना राजाश्रय मिळाला. हकीमाचा नुस्खा, म्हणजे औषधांची नावे आणि वजने लिहिलेली चिठ्ठी, अत्तार वाचत असे; अत्तार हा वनौषधी, अर्क आणि सरबते विकणारा दुकानदार होय. लिहिणारा आणि देणारा हे दोघे वेगळे असल्यामुळे नुस्ख्याचा कागद निर्माण होणे अपरिहार्य होते, आणि या साध्या व्यवस्थेचे महत्त्व ती मोडल्यानंतरच्या काळाकडे पाहिले की कळते. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण संस्थानात १८४६ साली हैदराबाद मेडिकल स्कूलच्या रूपाने सुरू झाले आणि आरंभी ते उर्दूतून दिले जात असे. १८८०च्या दशकात त्याचे माध्यम इंग्रजी झाले. मराठी बोलणाऱ्या परभणीच्या रोग्याच्या दृष्टीने औषधाची चिठ्ठी संस्कृत, फारसी-उर्दू किंवा इंग्रजी अशा परक्या भाषेतच येत राहिली, आणि आपण काय घेतो आहोत हे जाणून घेण्याचा मार्ग त्याला क्वचितच मोकळा होता.

याच हैदराबादेत, याच संस्थानाच्या पैशाने, औषधाच्या सुरक्षित वापराविषयीचा एकोणिसाव्या शतकातील एक फार मोठा प्रयोग झाला, आणि तो मराठी वाचकांना जवळजवळ अपरिचित आहे. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने १८४७ साली क्लोरोफॉर्मचा भुलीसाठी उपयोग सुरू केला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताच दगावली, आणि तेव्हापासून या औषधाने मृत्यू येतो तो हृदय बंद पडून की श्वास थांबून, या प्रश्नावर वैद्यकीय जगात दोन तट पडले. हृदय आधी थांबते असे मानणारे नाडीवर बोट ठेवून भूल देत, तर श्वास आधी थांबतो असे मानणारे नाडीकडे लक्षच देऊ नये असे सांगत. हैदराबादचा रेसिडेन्सी सर्जन आणि मेडिकल स्कूलचा प्रमुख एडवर्ड लॉरी हा एडिंबरोत शिकलेला असून दुसऱ्या मताचा कट्टर पुरस्कर्ता होता. त्याच्या पुढाकाराने १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले आणि कुत्र्यांवरील प्रयोगांतून त्याच्या मताला पुष्टी मिळाल्याचे जाहीर झाले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊन त्या साप्ताहिकाच्या पसंतीचा तज्ज्ञ हैदराबादेत बोलावला. हृदयरोगाच्या औषधांवर काम केलेला टॉमस लॉडर ब्रंटन १८८९ साली आला, दुसरे कमिशन बसले, आणि दोन्ही मिळून शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावर नजर ठेवावी, हा निष्कर्ष १८९०च्या आरंभी 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

हा निष्कर्ष पुरता खरा नव्हता. १९११ साली गुडमन लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की भूल हलकी असताना आणि भीतीने अथवा वेदनेने शरीरात ॲड्रेनलिन वाढलेले असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत अनियमित थरथर सुरू होऊन ते अकस्मात बंद पडू शकते. हैदराबादचे प्रयोग बहुतांशी खोल भूल दिलेल्या प्राण्यांवर झाल्यामुळे ही अवस्था त्यांना ठळकपणे दिसलीच नव्हती. प्रयोगांची संख्या मोठी, खर्च मोठा आणि नावे मोठी असूनही जो प्रश्न रोग्याच्या अंगाने विचारायला हवा होता तो विचारला गेला नाही, ही या प्रकरणातील खरी चूक होय. तरीही भूल देणे हे स्वतंत्र आणि सतत लक्ष मागणारे काम आहे ही जाणीव हैदराबादेत या निमित्ताने रुजली, आणि १८८९ साली तेथेच शिक्षण पूर्ण केलेल्या रूपाबाई फर्दूनजी या जगातील अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक ठरल्या. परभणीच्या जमीनमहसुलाची भर ज्या खजिन्यात पडत होती त्या खजिन्यातून हा खर्च झाला. त्या महसुलाच्या मानाने जिल्ह्याच्या वाट्याला दवाखाने किती आले याचा विचार केला तर हैदराबाद शहर आणि मराठवाडा यांतील अंतर मैलांपेक्षा मोठे होते असे म्हणावे लागते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तालुक्याच्या दवाखान्यात औषध म्हटले की डोळ्यांसमोर येई ती काचेची बाटली. रोगी घरून रिकामी बाटली घेऊन येत असे, डॉक्टर मिश्रण लिहून देत आणि आतल्या खिडकीशी बसलेला कंपाउंडर ते तयार करून बाटलीत भरून देत असे. बाटलीच्या अंगाला कागदाची एक अरुंद पट्टी चिकटवलेली असे आणि तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत; एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचे औषध म्हणजे एक मात्रा. निरक्षर रोग्यालाही मात्रा चुकू नये म्हणून केलेली ही युक्ती होती आणि रोग्याच्या घरात औषध कसे वापरले जाणार याचा विचार तीत आधीच केलेला होता, म्हणून औषधवापराच्या इतिहासात त्या खाचांच्या पट्टीला मानाचे स्थान दिले पाहिजे. पुढे कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या आल्या, बाटली गेली, आणि त्या पट्टीची जागा घेणारे तितके सोपे साधन मात्र आले नाही.

ब्रिटिश भारतात औषधांच्या भेसळीची आणि बेबंद विक्रीची चौकशी करण्यासाठी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३०-३१ साली समिती बसली होती. तिच्या शिफारशींतून १९४०चा औषध कायदा, १९४५चे नियम आणि १९४८चा औषधनिर्माण व्यवसायविषयक कायदा निघाला. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले आणि केंद्रीय औषध कायदा तेथे १९५१ साली लागू करण्यात आला. कोणती औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत याची जी यादी अनुसूची 'एच' या नावाने ओळखली जाते, तिचा अंमल जिल्ह्यात यायला अशा रीतीने पूर्वीच्या ब्रिटिश भारतापेक्षा अधिक वेळ लागला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्राची स्थापना झाली, आणि औषध दुकानांवरील देखरेख मुंबईहून चालणाऱ्या यंत्रणेकडे गेली. कायद्याने औषधाचा दर्जा, परवाना आणि विक्री यांची बाजू बरीचशी बांधली. डॉक्टर चिठ्ठीवर काय लिहितो आणि रोगी घरी गेल्यावर काय करतो, या दोन गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर राहिल्या.

त्या दोन गोष्टींचा शास्त्रशुद्ध अभ्यास भारतात प्रथम क्षयरोगाच्या निमित्ताने झाला. मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या केंद्राने आरोग्यधामात ठेवलेले रुग्ण आणि गरीब वस्तीत स्वतःच्या घरी राहून गोळ्या घेणारे रुग्ण यांची तुलना केली आणि घरचा उपचार जवळजवळ तितकाच गुणकारी असल्याचे १९५९ साली दाखवून दिले. त्याच केंद्रातील कर्मचारी रुग्णाच्या घरी अवचित जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत आणि लघवी तपासून औषध खरोखर पोटात गेले आहे का हे पाहत. बरे वाटू लागल्यावर माणसे गोळ्या सोडतात, ही सर्वांच्या अनुभवातील गोष्ट तेथे मोजमापाने सिद्ध झाली. या निष्कर्षांवर देशाचा क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. परभणीत मात्र गोळ्या सुटण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मद्रासच्या वस्तीत दिसण्यासारखे नव्हते. गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. दिवाळीच्या आधी निदान झालेल्या रुग्णाचा गोळ्यांचा डबा ज्या आरोग्य केंद्रात असतो त्या केंद्रापासून शेकडो मैलांवरच्या फडात त्याचा हंगाम जातो. उपचाराची मुदत ठरवणाऱ्या शास्त्राने या जिल्ह्याचे पंचांग कधी पाहिलेले नाही.

मुंबईत त्याआधीच दुसऱ्या अंगाने काम झाले होते. सर्पगंधा ही वनस्पती वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती, पण मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना ती देऊन रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा कोठे ती जगभर वापरात आली. यादवकालीन ग्रंथांपाशी ज्या मोजदादीची उणीव होती ती येथे भरून निघाली.

१९७०च्या दशकात प्रश्नाचे स्वरूप पालटले, कारण आता औषधांच्या टंचाईबरोबर औषधांचा अनावश्यक सुळसुळाटही दिसू लागला. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ सालच्या अहवालात ११७ औषधे अत्यावश्यक ठरवली आणि औषधे व्यापारी नावाऐवजी मूळ नावाने लिहिण्याकडे टप्प्याटप्प्याने वळावे असे सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची पहिली यादी त्यानंतर दोन वर्षांनी, १९७७ साली निघाली. १९७४ साली स्थापन झालेले मेडिको फ्रेंड सर्कल आणि महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटना यांनी हा विचार मराठी डॉक्टरांपर्यंत आणि वाचकांपर्यंत नेला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन पोटात गेल्यामुळे चौदा रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी, तपासणी व देखरेख या तिन्ही पातळ्यांवरील हलगर्जी उघड केली. याच रसायनाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते आणि त्यातून तेथील औषध कायदा बदलला होता. अर्धे शतक जुना धडा मुंबईच्या सर्वांत मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी एकात पुन्हा मृत्यूंच्या किमतीवर शिकावा लागला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात औषधे कशी लिहिली आणि वापरली जातात, याचा खोलवर अभ्यास झाला तो सातारा जिल्ह्यात. डॉ. नोशीर अँटिया यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेच्या वतीने डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या जिल्ह्यातील औषधपुरवठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांची तपासणी केली. त्यावर आधारित फडके यांचा इंग्रजी ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला. एकाच जिल्ह्यात सरकारी केंद्रांत गरजेची औषधे अपुरी आणि खाजगी चिठ्ठ्यांत अनावश्यक औषधांचा भरणा, हे विसंगत चित्र त्यातून पुढे आले. मुंबईच्या धारावीत डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णासाठी औषधे लिहायला सांगितली, तेव्हा त्या शंभर जणांनी ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या. हा निष्कर्ष १९९१ सालचा आहे. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तेथेच १०६ डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. योजना त्रेसष्ट निघाल्या आणि बिनचूक लिहिणारे डॉक्टर केवळ सहा. वीस वर्षांत कार्यक्रम, पुस्तिका आणि परिषदा पुष्कळ झाल्या, पण चिठ्ठीवरचा हात फारसा बदलला नाही, असा याचा अर्थ आहे, आणि औषधांना दाद न देणारा क्षय मुंबईत का फोफावला याचे एक उत्तरही त्यात आहे.

परभणीसारख्या जिल्ह्यात मात्र असा अभ्यास करू पाहणाऱ्यासमोर पहिली अडचण उभी राहते ती चिठ्ठीचीच. खेडेगावातील व बाजारगावातील खाजगी दवाखान्यात डॉक्टर पुष्कळदा स्वतःच औषध देतात. तपासणी आणि औषध यांचे मिळून एकच पैसे घेतले जातात आणि पाकिटातून काढलेल्या सुट्या गोळ्या, एक पांढरी, एक पिवळी, एक अर्धी मोडलेली, कागदाच्या पुडीत बांधून 'सकाळ-संध्याकाळ' एवढ्या सूचनेसह हातात ठेवल्या जातात. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला औषध देण्यास कायद्याची मुभा आहे. परंतु पुडीवर नाव नाही, मात्रा नाही, मुदत नाही, आणि रुग्णाला अंगावर पुरळ उठले किंवा त्रास वाढून त्याला जिल्हा रुग्णालयात आणले गेले तर त्याने काय घेतले हे तेथील डॉक्टरला कळण्याचा मार्ग नाही. हकीम आणि अत्तार यांच्यामध्ये जो कागद असे तो येथे नाहीसा झालेला आहे. जिल्ह्यातील ग्रामीण दवाखान्यांचा मोठा भार आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांवर आहे, आणि २५ नोव्हेंबर १९९२ची अधिसूचना व २०१४ची कायदादुरुस्ती यांद्वारे राज्याने त्यांना ठरावीक अटींवर आधुनिक औषधे वापरण्याची वाट करून दिली. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही नेमला. या निर्णयांवर न्यायालयांत आणि वैद्यकीय संघटनांत वाद झाले आहेत, पण ज्या गावात दुसरा डॉक्टरच नाही त्या गावाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्या डॉक्टरच्या हातून कोणती औषधे, किती आणि कशासाठी दिली जातात हा आहे, आणि त्याची नोंदच होत नाही.

सुई आणि सलाईन यांची लोकमान्यता हाही याच इतिहासाचा भाग आहे. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत अंगमेहनतीने थकलेला मजूर एका दिवसात उभा राहू इच्छितो, कारण बुडालेला रोज भरून निघत नाही, आणि 'सुई दिली नाही' तर डॉक्टरच्या हाताला गुण नाही असे त्याला वाटते. अशा वेळी त्याला अडाणी ठरवणे हा अन्याय आहे. त्याच्या अडचणीचा हिशेब करून त्याला सोपे आणि खरे उत्तर देणे हे वैद्यकाचे काम आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जाळ्यामार्फत झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी सुमारे ६३ टक्के कोणत्या ना कोणत्या कारणाने असुरक्षित आढळली होती.

योग्य प्रश्न विचारला तर औषधाचा वापर किती बदलतो, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने शंभराहून अधिक गावांत लहान मुलांच्या न्यूमोनियाचा अभ्यास केला आणि गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेवकांच्या व दाईंच्या हाती प्रतिजैविक, म्हणजे जंतूंना मारणारे औषध, दिले. छातीला नळी न लावता, क्ष-किरणाशिवाय, निरक्षर दाईने न्यूमोनिया ओळखायचा कसा, हा पेच होता. त्यासाठी मण्यांचे साधे यंत्र तयार झाले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे, मुलाच्या पोटाकडे पाहत दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर श्वास धोक्याच्या गतीने चालला आहे असे समजून औषध सुरू करायचे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळासाठी धोक्याची गती मिनिटाला साठ श्वास आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत पन्नास अशी ठरलेली होती. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जेथे हे काम झाले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू दर हजारी ८.१ होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५. खाचांच्या पट्टीनंतर सामान्य माणसाच्या हातात दिलेले इतके नेमके साधन महाराष्ट्राने क्वचितच पाहिले आहे. याच संस्थेच्या १९९९ सालच्या नवजात बालकांवरील संशोधनातून घरच्या घरी बाळाची देखभाल करण्याची पद्धत देशाच्या धोरणात आली आणि २०११ सालापासून आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. परभणीच्या तांड्या-वाड्यांवर बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाणारी आशा हे गडचिरोलीच्या संशोधनाचे जिल्ह्यापर्यंत पोहोचलेले फळ होय.

औषधाचा गैरवापर माणसापुरता थांबत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. जनावरांना वेदनाशामक म्हणून सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचा संहार करते हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली भारताने पशुवैद्यकात त्यावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी पळवल्या जातात हे ध्यानात आल्यावर २०१५ साली त्या कुप्याही बंद झाल्या. परभणीत १९७२ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेव्हा मनुष्य आणि जनावर यांच्या औषधवापराकडे एकत्रित पाहण्याची सोय या जिल्ह्याला इतर अनेक जिल्ह्यांपेक्षा आधीपासून लाभलेली आहे. तिचा त्या दृष्टीने पुरेसा उपयोग झालेला दिसत नाही.

अलीकडच्या काळात केंद्र सरकारने काही महत्त्वाची प्रतिजैविके, क्षयाची औषधे आणि झोपेची औषधे अनुसूची 'एच-१' मध्ये टाकून १ मार्च २०१४ पासून दुकानदाराने त्यांची वेगळी नोंद ठेवावी असा नियम केला, आणि २०१६ साली प्रतिजैविकांच्या पाकिटावरील लाल रेघेचा प्रचार सुरू केला. या नोंदवह्या दुकानांत आहेत, सरकारी आरोग्य केंद्रांत केसपेपर आहेत. मात्र जिल्ह्याच्या पातळीवर त्या एकत्र करून वाचणारी शैक्षणिक संस्था परभणीत नव्हती. १९५६ साली औरंगाबादेत, १९७०च्या दशकात अंबाजोगाईत आणि १९८८ साली नांदेडात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. परभणीला त्यासाठी दीर्घ आंदोलनानंतर २०२३ सालापर्यंत थांबावे लागले.

आता ते महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय पदवीच्या २०१९पासूनच्या अभ्यासक्रमात चिठ्ठीचे परीक्षण, म्हणजे लिहिलेली औषधे गरजेची, योग्य मात्रेची आणि मूळ नावाने लिहिलेली आहेत का हे तपासणे, विद्यार्थ्यांना शिकवलेच जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली घालून दिलेल्या पद्धतीनुसार एखाद्या भागातील औषधवापर समजण्यासाठी वीस केंद्रांतील प्रत्येकी तीस, म्हणजे सहाशे रुग्णभेटींच्या नोंदी पुरेशा होतात : एका भेटीत सरासरी किती औषधे, किती वेळा प्रतिजैविक, किती वेळा सुई, मूळ नावाने किती, अत्यावश्यक यादीतील किती, आणि औषध कसे घ्यायचे हे रुग्णाला कळले का. नऊ तालुक्यांच्या जिल्ह्यात हे काम एका शैक्षणिक वर्षात होण्यासारखे आहे आणि त्याला मोठा निधीही लागत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांनी ते मिळून हाती घ्यावे, खाजगी डॉक्टरांच्या संघटनांना त्यात सन्मानाने सामील करून पुडीसोबत औषधाचे नाव लिहिलेला कागद देण्याचा आग्रह धरावा, ऊसतोडीला जाणाऱ्या क्षयरुग्णांची वेगळी पाहणी करावी, आणि जे आढळेल ते मराठीत छापून गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवावे.